फाँतनेचा मठ बघायला जाताना स्वेटर घ्या

भर जुलैत गेलात तरी पिशवीत स्वेटर असू द्या. बाहेर ऊन रणरणत असतं आणि फाँतनेच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की तळघरात उतरल्यासारखा गारठा लागतो. पहिल्या वेळी मी सुती कुर्त्यावर गेले होते. पंधरा मिनिटांत कुडकुडत बाहेर येऊन उन्हात बसले.

हा ख्रिस्ती साधूंचा मठ फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात आहे. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून निघणारी, मोंबार या गावी थांबणारी टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, पकडा. सगळ्या थांबत नाहीत, हे तिकीट काढतानाच बघा. प्रवास साधारण तासाभराचा. मोंबारपासून पुढे ६ किलोमीटर. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. बाहेर रिक्षा स्टँड असणारच, अशा थाटात मी स्टेशनातून निघाले आणि शेवटी चालत गेले. पण झाडीच्या त्या अरुंद दरीत शिरताना एक गोष्ट कळली: या साधूंना पाणी हवं होतं, आणि माणसं नको होती.

आत गेल्यावर नक्षी, चित्रं, रंगीत काचा शोधू नका. क्लेरव्हो इथल्या मठाचा प्रमुख बर्नार याने १११८ मध्ये हा मठ स्थापला. मठांच्या ओवऱ्यांमध्ये कोरलेली माकडं, सिंह, चित्रविचित्र प्राणी यांवर त्याने ११२५ च्या सुमारास सडकून टीका केली होती. साधूंनी पोथी वाचायची सोडून दिवसभर दगडच बघत बसायचं का, असा त्याचा सवाल. इथल्या खांबांच्या माथ्यावर म्हणूनच जेमतेम एखादं पान दिसतं. बाहेरची हिरवळ बघून मात्र फार भारावू नका, ती साधूंच्या काळातली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इथे कागदाची गिरणी होती. १९०६ मध्ये एदुआर एनार या लियोंच्या बँकरने जागा विकत घेऊन गिरणीच्या इमारती पाडल्या, तेव्हा कुठे मठ पुन्हा मोकळा झाला.

चर्च दुपारनंतर बघा. दर्शनी भिंत पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन उतरू लागलं की तिच्या खिडक्यांतून उजेड आत सरकतो. मधल्या भागाच्या उंच भिंतींना खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो दोन्ही टोकांकडून आणि बाजूच्या दालनांतून. मधला भाग अंधुकच राहतो. पायाखाली फरशी नाही, चोपलेली माती आहे. एका जागी उभं राहून दहा मिनिटं काढा. डोळे सरावले की भिंतीचा एकेक दगड सुटा दिसायला लागतो.

आसपास कुणी नसेल तर हळूच 'सा' लावा. मी लावला. गळा थांबला तरी सूर वर कमानीत घुमत राहिला, मागे कुणीतरी तानपुरा धरल्यासारखा. तेवढ्यात खांबाआडून एक आजोबा डोकावले आणि मी घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

उत्तरेच्या बाजूला मेरीची दगडी मूर्ती आहे, तेराव्या शतकातली. इतक्या कोऱ्या भिंतींमध्ये तिचं हसू एकदम जवळचं वाटतं.

मग चर्चमधल्याच जिन्याने वर शयनगृहात जा. उलट्या होडीसारखं ओकचं छत आहे, पंधराव्या शतकातलं. खोल्या नाहीत, सगळे एकाच दालनात गवताच्या गाद्यांवर, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचे आणि मध्यरात्रीच्या प्रार्थनेला याच जिन्याने खाली यायचे. हा जिना स्वेटर घालून उतरताना मला थोडी लाज वाटली.

खाली साधूंच्या कामाच्या दालनाला लागून एक छोटी खोली आहे, तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. स्वयंपाकघर सोडलं तर मठात शेकोटीची परवानगी एवढ्या एकाच ठिकाणी होती. हस्तलिखितं उतरवणारे साधू गारठलेली बोटं इथेच शेकायचे. शेकोटीच्या तोंडाशी वाकून वर बघा, धुराड्यातून आभाळाचा तुकडा दिसतो.

लोहारशाळा शेवटी ठेवा. ५३ मीटर लांबीची ही इमारत ओढ्याच्या काठावर आहे. पाण्याच्या जोरावर घण चालवून साधू इथे लोखंड ठोकायचे. तसा पाणचक्कीवरचा घण आता पुन्हा उभारला आहे.

परतीच्या टॅक्सीची वेळ मात्र जातानाच चालकाला सांगून ठेवा. दरीत माझ्या फोनला रेंज नव्हती.