इंग्लिशचा उतारा सोडवताना आपलं जीके बाजूला ठेवा

सांगली, मिरज, तासगाव, विटा इकडची पोरंपोरी बँकेच्या नाहीतर एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शनच्या) तयारीला लागली की पहिले काही महिने सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं असतं, गणित जमतंय, रिझनिंग जमतंय, इंग्लिश मारतंय. मी पण मराठी मिडियमचीच, तासगाव तालुक्यातल्या झेडपी शाळेतली, आता बँकेत आहे आणि घरातली, गावातली, भावकीतली जी कोण तयारी करतायत ती सगळी येऊन हेच विचारतात की ताई कॉम्प्रिहेन्शनचं, म्हणजे उताऱ्यावरच्या प्रश्नांचं, काय केलंस. तर एकदाचं नीट लिहून टाकते. ग्रामर, एरर स्पॉटिंग, क्लोझ टेस्ट याबद्दल इथं काही नाही, ते तुम्हाला कुठंही मिळेल. फक्त उतारा, आणि तो पण जनरल नॉलेजवरचा छोटा उतारा, कारण माझं इंग्लिश वाचन सुधारलं ते त्याच्यावरच.

पहिल्या दिवसापासून इंग्लिश पेपरचं संपादकीय वाचा, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. माझं स्पष्ट मत आहे की मराठी मिडियमच्या नवीन पोराला हा सल्ला देणं म्हणजे त्याला घाबरवून घरी पाठवणं आहे. संपादकीयात वाक्यं लांबलचक असतात, वर विषयाची मागची सगळी हकीकत माहीत आहे असं लेखकानं धरलेलं असतं, आणि त्यात त्याचं मत कुठं संपलं आणि बातमी कुठं सुरू झाली हेच नवख्याला कळत नाही. तीन दिवस वाचतो माणूस, चौथ्या दिवशी सोडतो आणि स्वतःलाच ढ समजायला लागतो. तुम्ही ढ नाही आहात. तुम्ही चुकीच्या ठिकाणापासून सुरुवात केलीय एवढंच.

त्यापेक्षा दीड-दोनशे शब्दांचा उतारा घ्या, एखादी नदी, धरण, खेळाडू, शोध, प्राणी, कालवा असल्या विषयावरचा. त्यात कोण, कुठं, कधी, कसं एवढंच असतं आणि वाक्यं सरळ असतात. मिळतात कुठं? बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत, सहावी ते आठवीचा भूगोल नाहीतर इतिहास मराठी मिडियमचा पण डाउनलोड करा आणि इंग्लिश मिडियमचा पण, आणि एकच धडा दोन्हीतून वाचा, आधी मराठीत मग इंग्लिशमध्ये. पॅराग्राफला पॅराग्राफ जुळतो, डिक्शनरी फार उघडावी लागत नाही, आणि एखादा शब्द अडला तरी मजकुरावरून अंदाज लागतो, तो अंदाज लावायची सवय हीच पुढं उपयोगी पडते. ते झाल्यावर एनसीईआरटीच्या सहावी ते आठवीच्या सोशल सायन्समधला भूगोल आणि सायन्स. विकिपीडियाची सोप्या इंग्लिशमधली वेगळी आवृत्ती आहे, ती पण चांगली. टेलिग्रामवर रोज एक उतारा म्हणून ज्या पीडीएफ फिरतात त्यांच्यापासून मात्र लांब राहा, त्यातल्या कितीतरी उत्तरसूची चुकीच्या असतात आणि चुकीच्या उत्तरसूचीवर प्रॅक्टिस केली तर डोकं चुकीच्या बाजूलाच तयार होतं.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे कारण मला सगळ्यात जास्त दिवस हीच नडली. माझं जीके चांगलं होतं. उतारे वाचून कळत पण होते. तरी मार्क येत नव्हते आणि का येत नाहीत हे कळतच नव्हतं, कारण उतारा समजला नाही असं एकदाही वाटायचं नाही. भानगड अशी आहे की विषय ओळखीचा निघाला की आपण उतारा वाचतच नाही, नुसती नजर फिरवतो, आणि उत्तर देतो ते आपल्या डोक्यातल्या माहितीवरून.

उदाहरण देते. मराठीतच सांगते, कारण अडचण इथं इंग्लिशची नाहीच आहे. समजा उतारा खाशाबा जाधवांवर आहे. त्यात लिहिलंय की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी ब्राँझ मेडल मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, आणि त्यानंतरचं वैयक्तिक मेडल यायला थेट १९९६ साल उजाडलं, अटलांटाला लिएंडर पेसचं. उतारा संपला. प्रश्न येतो की उताऱ्यानुसार लंडनला खाशाबांचं मेडल का हुकलं? ऑप्शन ए, त्यांना मॅटवर खेळायची सवय नव्हती. बी, पैसे नव्हते. सी, वजनगट बदलला होता. डी, कारण उताऱ्यात दिलेलं नाही.

आपल्या भागातला कुठलाही पोरगा डोळे झाकून ए मारणार. तालमीत, शाळेत, घरात सगळीकडं आपण ऐकलंय की खाशाबा मातीतले मल्ल, मॅटची सवय नव्हती म्हणून लंडनला कमी पडले. आणि ती माहिती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण उताऱ्यात ती आहे का? नाही. उत्तर डी. बी मारणारे पण भेटतील, कारण हेलसिंकीला जायला पैसे कसे गोळा केले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे सगळं आपण वाचलेलं असतं. ते पण उताऱ्यात नाही. म्हणजे ज्याला खाशाबांबद्दल काहीच माहीत नाही असा आसामचा पोरगा हा प्रश्न बरोबर सोडवणार आणि गोळेश्वरच्या शेजारचा चुकवणार. हे वाचून अन्याय वाटत असेल तर वाटू दे, पण पेपर काढणाऱ्याला तुमची माहिती तपासायची नसते, तुम्ही समोरचं वाचलंय का एवढंच तपासायचं असतं. यूपीएससीच्या सीसॅटच्या, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूडच्या, पेपरात तर उताऱ्याच्या वरच छापलेलं असतं की उत्तरं फक्त उताऱ्याच्या आधारावर द्या. ती ओळ आपण सगळेच सूचना म्हणून सोडून देतो.

याचा दुसरा प्रकार आकड्यांचा. कृष्णेची लांबी एका पुस्तकात १,४०० किमी असते, दुसऱ्यात १,३०० च्या आसपास. तुम्ही १,४०० पाठ केलंय आणि उताऱ्यात १,३०० आहे, तर त्या पाच मिनिटांपुरती कृष्णा १,३०० किमीचीच. वाद घालायचा नाही, बरोबर कुठलं ते घरी जाऊन बघा.

आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, इन्फरन्सचा, म्हणजे उताऱ्यावरून काय निष्कर्ष निघतो असा प्रश्न. कोयनेचा भूकंप घ्या, ११ डिसेंबर १९६७, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट अजून आठवते. समजा उताऱ्यात एवढंच लिहिलंय की जलाशय भरायला लागल्यावर त्या भागात लहान धक्के जाणवायला लागले, नंतर १९६७ चा मोठा भूकंप झाला, आणि जलाशयांमुळं होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचं उदाहरण जगभर दिलं जातं. ऑप्शन असे की प्रत्येक मोठ्या धरणामुळं भूकंप होतो, कोयना धरण बांधायलाच नको होतं, जलाशय भरणं आणि भूकंप यांचा संबंध असू शकतो, भूकंपात धरण फुटलं. उत्तर तिसरं. पण आपल्याकडं घरात धरणाबद्दल, पुनर्वसनाबद्दल इतकं बोललं गेलेलं असतं की हात पहिल्या नाहीतर दुसऱ्या ऑप्शनकडं जातो. दुसरं तर निव्वळ मत आहे, उताऱ्यात त्याला आधार देणारं एक वाक्य नाही. निष्कर्ष म्हणजे उताऱ्यापासून एकच पाऊल पुढं. दोन पावलं पुढं गेलात की बाहेर पडलात.

मग यावर उपाय काय. सांगलीत विश्रामबागला मी ज्या अभ्यासिकेत बसायचे तिथं हायस्कूलमधून रिटायर झालेले एक सर पेपर वाचायला यायचे. ते इंग्लिशचे नव्हते, भूगोलाचे होते. मी उत्तर सांगितलं की ते बरोबर-चूक काही बोलायचे नाहीत, म्हणायचे, "कुठल्या ओळीत लिहिलंय? बोट ठेव, बाळ." बोट ठेवता आलं नाही की उत्तर बरोबर आलेलं असलं तरी ते मान्य करायचे नाहीत. सुरुवातीला मला याचा राग यायचा, पण माझे मार्क वाढले ते या एका सवयीनं, हे मी कुणापुढंही सांगेन. तुम्ही पण उताऱ्याच्या ओळींना पेन्सिलनं नंबर घाला आणि प्रत्येक उत्तरापुढं ओळीचा नंबर लिहा. इन्फरन्सच्या प्रश्नाला पण लिहा, निष्कर्ष ज्या ओळीवरून काढलात तिचा. नंबर लिहिता येत नसेल तर ते उत्तर अंदाजानं आलंय असं समजा आणि परत वाचा. कंटाळवाणं आहे, वेळ खातं, तरी करा. सवय लागली की नंबर लिहावा लागत नाही, डोळेच आपोआप ओळ शोधतात.

यावरून मेंटॉरचं सांगते. फाडफाड इंग्लिश बोलणारा माणूस उतारा चांगला शिकवेलच असं काही नाही. मी एका नावाजलेल्या क्लासला बरीच फी भरली होती, तिथं उतारा म्हणजे पहिली ओळ वाचा, शेवटची वाचा, मधलं स्कॅन करा, की प्रश्न सुटला, असं शिकवायचे. टायटलच्या प्रश्नाला सुद्धा हे चालत नाही. समजा सांगलीच्या हळदीवर उतारा आहे, पहिल्या वाक्यात हळदीचे गुण, शेवटच्या वाक्यात २०१८ ला जीआय टॅग मिळाला हे, आणि मधला सगळा उतारा हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद कशी साठवायचे यावर. पहिलं-शेवटचं वाचणारा टायटल म्हणून हळदीचे फायदे नाहीतर जीआय टॅग मारून मोकळा होणार. पेवं मधेच राहिली. आधी प्रश्न वाचा मग उतारा, ही ट्रिक मात्र मी पूर्ण वाईट म्हणणार नाही, परीक्षेच्या जवळ वेळ वाचवायला ठीक आहे, पण शिकताना नको, त्यानं उतारा कधी सलग वाचलाच जात नाही.

बालभारतीच्या ओळखीच्या धड्यांवर शब्द आणि वाक्यरचना बसली की मग मुद्दाम अनोळखी विषय घ्या. ओळखीचा विषय इंग्लिश शिकायला चांगला आणि स्वतःला तपासायला वाईट, हे लक्षात ठेवा. मी पनामा कालवा, कोरल रीफ, अंटार्क्टिका असले उतारे घ्यायचे. पनामा कालवा १९१४ ला सुरू झाला, जहाजं लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या पाण्याच्या कप्प्यात, घालून पाणी भरून साधारण २६ मीटर वर गाटुन तलावात चढवतात आणि पलीकडं परत खाली उतरवतात, यातलं मला आधी काहीच माहीत नव्हतं, त्यामुळं जे उत्तर आलं ते वाचूनच आलं. असा उतारा सुटला तर तो खरा सुटला. आणि पहिले काही सुटणार नाहीत, दहातले तीन बरोबर येतील, रडू येईल. येऊ दे. तो तुमचा खरा स्कोअर आहे, ओळखीच्या उताऱ्यावरचे आठ खरे नव्हते. तिथून वर यायला वेळ लागतो पण वर येतंच, मी माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणींचं येताना बघितलंय.

जोडीदार मिळाला तर अजून एक करा. दोघांनी वेगवेगळा उतारा घ्यायचा, स्वतः प्रश्न काढायचे आणि अदलाबदल करायची. प्रश्नापेक्षा ऑप्शन काढण्यात खरा अभ्यास आहे. एक बरोबर ऑप्शन, एक असा जो जगात खरा आहे पण उताऱ्यात नाही, एक ज्यात उताऱ्यातलंच वाक्य उलटं केलंय, आणि एक ज्यात काहीच, सगळे, फक्त, नेहमी असलं टोकाचं काहीतरी घुसवलंय. आठवडाभर असे ऑप्शन तयार केलेत की पेपरातले ऑप्शन बघून कळायला लागतं की हा कुठल्या जातीचा आहे. जोडीदार नसेल तर आज प्रश्न काढा आणि पुढच्या आठवड्यात सोडवा, तोवर विसरलेलं असतं.

वेळ लावून सोडवायची घाई करू नका. हो, बँकेच्या बऱ्याच प्रिलिम्सला इंग्लिशचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं असतात, एका चुकीला पाव मार्क जातो, एसएससी सीजीएलच्या टियर वनला दोन मार्कांच्या प्रश्नाला अर्धा जातो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण म्हणूनच सांगते, चुकीचं फास्ट वाचलं तर मायनसमध्येच जाणार. आधी ओळ सापडायला पाहिजे, स्पीड त्याच्या मागनं येतो. एमपीएससीवाल्यांनो, सीसॅट आता ३३ टक्क्यांना क्वालिफाइंग आहे, म्हणजे नुसतं पास व्हायचंय, म्हणून उतारे सोडून देऊ नका, त्या पेपरात उतारे भरपूर असतात आणि पहिल्या, जीएसच्या पेपरात चांगले मार्क असून इथं अडकलेली माणसं मी बघितलीत.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कागद बंद करून स्क्रीनवर या. बँकेच्या परीक्षेत उतारा डावीकडं आणि प्रश्न उजवीकडं असतो, उतारा स्क्रोल करावा लागतो, पेन्सिल लावता येत नाही. मोबाईलवर नका करू, सांगली-मिरजेत नेट कॅफे नाहीतर कुणाचा तरी लॅपटॉप बघा. ओळीचे नंबर आता लिहिता येणार नाहीत, त्याऐवजी कितव्या पॅरात आहे एवढं रफ कागदावर टिपा. आणि संपादकीय? ते आता सुरू करा, रोज एकच, अर्थव्यवस्था नाहीतर पर्यावरणावरचं, आणि वाचून झाल्यावर लेखकाचं मत कुठल्या पॅरात आहे तिथं बोट ठेवा.