फ्री डिशची छत्री कुठे आणि कशी बसवावी

सगळ्यात उंच जागा म्हणजे सगळ्यात चांगली, हा समज जुन्या काड्यांच्या अँटेनाचा. डीडी फ्री डिशच्या छत्रीला उंची नको, आग्नेयेकडचं मोकळं आकाश हवं. जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो होकायंत्राच्या 132 अंशांवर, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर येतो. नागपुरात दिशा 145, पणजीत 127. क्षितिजापासूनचा कोन दोन्हीकडे साठ अंशांच्या आसपास. शेजारच्या टाटा प्लेच्या छत्रीची नक्कल नको, तिचा उपग्रह 83 अंशांवर.

उपग्रह इतका वर असल्याने इमारती फारशा आड येत नाहीत. आडोसा छत्रीपेक्षा 10 मीटर उंच असेल, तर तो 6 मीटरहून लांब हवा. झाडाला मात्र सवलत नाही. उन्हाळ्यात फांद्यांतून मिळणारा सिग्नल जुलैतली ओली पानं खातात. पाण्याच्या टाकीवरही नको. तिथे वारा छत्री हलवतो, आणि भर पावसात वर चढणार कोण? गच्चीच्या कठड्यालगतची जागा बरी.

छत्रीचा पाइप ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा हवाच. तो कलला असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिचा वर-खाली कोनही बदलत जातो आणि तासभर शोधून हाती काही लागत नाही. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ चुकतं, म्हणून दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या. छत्री बरीच उभी दिसली तरी घाबरू नका, तिची रचनाच तशी आहे. मागच्या पट्टीवरचा अंशांचा आकडा खरा माना.

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) 9750/10600, फ्रिक्वेन्सी 11090, सिम्बॉल रेट 29500, पोलरायझेशन व्हर्टिकल ठेवा. पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी स्ट्रेंथ नुसती केबल जोडली तरी चढते, तिला भुलू नका. बघायची ती क्वालिटी. छत्री अगदी थोडी सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग पुन्हा सरकवा. सलग फिरवलीत तर बॉक्सला पकडायला वेळच मिळत नाही. क्वालिटी दिसली की आधी दिशा, मग वर-खाली कोन, शेवटी एलएनबी जागच्या जागी फिरवून ती वाढवा. पुण्यात एलएनबी सरळ नसतो, जवळपास 45 अंश तिरका बसतो.

नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री केसभर सरकते आणि जमलेलं बिघडतं. एलएनबीपाशी केबलला खाली झुकलेला एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल आणि कनेक्टरात शिरणार नाही.