झेडएफएस पूल उघडत नाही तेव्हा: आधी केबल, मग डिस्क, शेवटी कमांड

पूल म्हणजे वाशी खाडीवरचा नव्हे. चार-सहा हार्ड डिस्क एकत्र बांधून केलेली साठवण. नौपाड्यातल्या फोटो स्टुडिओत लग्नांची शूटिंगं, वाशी सेक्टर १७ मधल्या सीए ऑफिसात वर्षानुवर्षांची विवरणपत्रं, सगळा माल अशा एकाच पेटीत असतो. जुलैत दोन-तीनदा लाईट गेली-आली की एखाद्या सकाळी पेटी चालू होते, पण पूल दिसत नाही. ही साठवण सांभाळणारी फाईल सिस्टिम म्हणजे झेडएफएस; इथली माहिती लिनक्सवरच्या झेडएफएसला धरून आहे. रेडझेड ही डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी: रेडझेड १ मध्ये एक डिस्क गेलेली चालते, रेडझेड २ मध्ये दोन. त्यापेक्षा जास्त दिसेनाशा झाल्या तर पूल उघडत नाही.

अशा वेळी डेटा घालवण्यात पहिल्या तासातल्या घाईच्या कमांडचा वाटा मोठा असतो. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी वाचायचं, मग कॉपी करायची, लिहायचं सगळ्यात शेवटी.

पेटी बंद करा. ‘एकदा रीस्टार्ट करून बघू’ नको. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मुळीच नको, कारण प्रत्येक वेळी चालू करताना हेड (वाचणारं टोक) प्लॅटरवरून (तबकडीवरून) फिरतं आणि उरलेला भागही ओरखडला जाऊ शकतो. मोबाईलवर आतले फोटो काढा: कुठली केबल कुठल्या पोर्टला. प्रत्येक डिस्कवरचा सिरीयल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कवर मार्करने १, २, ३ टाका. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावं पुढच्या बूटला बदलू शकतात, सिरीयल नंबर बदलत नाही.

गुन्हेगार कोण?

दोन-तीन डिस्क एकाच क्षणी गायब झाल्या असतील तर डिस्कना नंतर धरा. आधी त्या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे ते शोधा: एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एचबीए कार्ड (डिस्क जोडण्याचं कार्ड), बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी), किंवा एका मोलेक्समधून (चार पिनांच्या वीज-कनेक्टरमधून) चार डिस्कना वीज देणारी स्प्लिटर केबल. कनेक्टरचं प्लॅस्टिक थेट तारांवर ओतून केलेले स्वस्त स्प्लिटर वितळतात, कधी पेटतातही. कनेक्टर पिवळट किंवा काळा दिसला की तो कचऱ्यात.

एसएमपीएस मल्टिमीटरने तपासा, तेही लोड असताना. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर साधारण २ अँपियर ओढते. सहा डिस्क एकदम फिरल्या की १२ अँपियर, म्हणजे १४४ वॉट केवळ डिस्कना. थकलेला एसएमपीएस नेमका याच क्षणी मान टाकतो. मग शेवटच्या दोन डिस्क दिसत नाहीत, आणि माणूस चांगल्या डिस्क बदलत बसतो.

एसएमपीएस बदलताना जुन्या मॉड्युलर केबल नव्याला कधीही लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की सगळ्या डिस्कचे सर्किट बोर्ड एका सेकंदात जळतात. मग रेडझेड २ काय नि ३ काय! तसं झालंच असेल तर बाजारातून त्याच मॉडेलचा बोर्ड आणून नुसता बसवणं बहुधा पुरत नाही. त्या डिस्कची जुळवणीची माहिती जुन्या बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप नव्या बोर्डवर हलवावी लागते. हे सोल्डरिंगवाल्या रिकव्हरी लॅबचं काम.

वीज ठीक असेल तर सिग्नलकडे या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडने प्रत्येक डिस्कचे आकडे काढा. १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा डेटा केबलचा किंवा पोर्टचा. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि केबल बदलल्यावर पुढे सरकतो का ते बघा. ५, १९७ आणि १९८ या खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजणाऱ्या क्रमांकांपुढे शून्याहून मोठे आकडे असतील तर डिस्क स्वतः आजारी आहे. आणि पुलाची स्थिती दाखवणाऱ्या ‘झेडपूल स्टेटस’ कमांडमध्ये सगळ्याच डिस्कपुढे चेकसम चुका (वाचलेला डेटा लिहिलेल्याशी न जुळणं) दिसल्या तर रॅम आणि एचबीए तपासा, मेमटेस्ट रात्रभर चालवा. सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेलं एचबीए कार्ड साध्या कॅबिनेटमध्ये तापून बेताल वागतं. त्यावर ४० मिमीचा पंखा लावा.

घोडबंदर असो की ऐरोली, खाडीकाठची खारट दमट हवा कनेक्टरवर थर चढवते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने डिस्कचे व केबलचे संपर्क पुसून, पूर्ण सुकवून पुन्हा लावा. एसीच्या थंड खोलीतली डिस्क पावसाळ्यात बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. तासभर बंद पिशवीतच राहू द्या, मग वीज जोडा.

आजारी डिस्कची नक्कल

समजा, रेडझेड १ मधली एक डिस्क पूर्ण मेली आणि दुसरीवर खराब सेक्टर आहेत. नवी डिस्क घालून लगेच रिसिल्व्हर (उरलेल्या डिस्कवरून नवीवर डेटा पुन्हा उभारणं) सुरू केलंत तर ही दुसरी अर्ध्या वाटेत जाऊ शकते. आधी तिची नक्कल काढा. तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची कोरी डिस्क घ्या. काही सेक्टरांनी लहान असली तरी चालत नाही. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठा, आणि दोन डिस्क आणा, दुसरी बदलीसाठी लागणारच. परतताना संध्याकाळची गर्दीची लोकल टाळा. घेताना एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क नाही ना ते मॉडेल नंबरवरून पाहा. एसएमआरवर सलग लिहिण्याचा वेग कोसळतो, रिसिल्व्हर दिवसेंदिवस रेंगाळतं.

नक्कल खराब डिस्कसाठीच्या डीडीरेस्क्यू या कमांडने काढा, साध्या डीडी या कॉपी कमांडने नको. कुठवर कॉपी झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाईल द्यायची म्हणजे द्यायचीच, नाहीतर लाईट गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या फेरीत ‘लहान एन’ पर्याय: चांगला भाग भराभर उचलला जातो, खराब जागा मागे राहतात. दुसऱ्या फेरीत ‘लहान डी’ आणि ‘आर ३’: राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. आधी मूळ डिस्क, मग कोरी, हा क्रम सिरीयल नंबर मोठ्याने वाचून तपासा. उलटं लिहिलंत तर कोरी डिस्क डेटावर चढते. सरासरी १५० एमबी प्रति सेकंद वेगाने ४ टीबीला साडेसात तास लागतात, खराब सेक्टरांचा वेळ वेगळा. नक्कल झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. दोन्हींवर पुलाची ओळख सांगणारी तीच लेबलं आहेत, दोन्ही एकत्र जोडून पूल उघडू नका.

उघडणं

मदरबोर्ड गेला असेल तर सगळ्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, पोर्टचा क्रम कोणताही चालेल. झेडएफएस प्रत्येक डिस्कवर लेबलच्या चार प्रती ठेवतो, दोन सुरुवातीला, दोन शेवटी, त्यावरून तो डिस्क ओळखतो. अट एवढीच की नव्या मशीनवरचं झेडएफएस जुन्याइतकं तरी नवं असावं.

नुसती ‘झेडपूल इम्पोर्ट’ दिली तर काही उघडत नाही, फक्त यादी दिसते. ती नीट वाचा. मग ‘रीडओन्ली=ऑन’ लावून पूल उघडा आणि महत्त्वाचा डेटा बाहेर काढा. पूल दुसऱ्या मशीनवर वापरात होता असा इशारा आला तर जुनी पेटी बंद असल्याची खात्री करून लहान ‘एफ’ द्या. कॅपिटल ‘एफ’ ही वेगळीच गोष्ट आहे: तो शेवटचे काही व्यवहार (लिहिलेले बदल) टाकून देऊन पूल थोडा मागे नेतो. त्याच्यासोबत आधी लहान ‘एन’ देऊन नुसती चाचणी घ्या. पूल आणखी खूप मागे नेऊ पाहणारा कॅपिटल ‘एक्स’ सगळ्या डिस्कच्या नकला हातात असल्याशिवाय टाइपसुद्धा करू नका.

लॉग डिस्क (तातडीचं लिखाण आधी टिपणारी) गेली असेल तर ‘लहान एम’ने पूल उघडतो, शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण जातं. कॅश डिस्क (वाचन वेगवान करणारी) गेली तर काहीच जात नाही. व्हीडेव्ह म्हणजे पुलातला डिस्कचा एक गट; फाईलींच्या नोंदी ठेवणारा स्पेशल व्हीडेव्ह मिररशिवाय (जोडीच्या डिस्कशिवाय) ठेवला होता आणि तो गेला, तर मात्र पूल गेला.

बदलणं

आता पूल बंद करून, लिहिता येईल असा पुन्हा उघडा आणि ‘झेडपूल रिप्लेस’ द्या. ‘अ‍ॅड’ नव्हे. ‘अ‍ॅड’ने नवी डिस्क एकटीच वेगळा व्हीडेव्ह म्हणून पुलाला चिकटते, आणि रेडझेड असलेल्या पुलातून ती परत काढता येत नाही. पुढे ती एकटी गेली तरी सगळा पूल बसतो. झेडएफएस ‘रचना जुळत नाही, लहान एफ द्या’ असं सांगतो. तिथे हात मागे घ्यायचा.

रिसिल्व्हर भरलेलाच भाग लिहितो, पण ४ टीबी डेटा १०० एमबी प्रति सेकंदाने म्हटला तरी अकरा तास. तेवढा वेळ सगळ्या डिस्क राबतात, म्हणून पंखा लावून तापमान ४५ अंशांखाली ठेवा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर आधीच बदला.

रिसिल्व्हर संपल्यावर चुकांचे आकडे पुसणारी ‘झेडपूल क्लिअर’, मग स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं. ‘स्टेटस डॅश व्ही’मध्ये खराब फाईलींची नावं येतात, त्या बॅकअपमधून परत घ्या. पुसलेल्या फाईलीच्या जागी नुसते हेक्स आकडे दिसतात. ते पहिल्या स्क्रबनंतरही राहिले तर घाबरू नका, दुसरा स्क्रब पूर्ण झाला की यादी कोरी होते.