व्हीएम अडकली म्हणून लगेच डिस्ट्रॉय मारताय? या चुका टाळा

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही बघा, नवीन पोरं सिस्टम ॲडमिनच्या कामाला लागली की एक गोष्ट हमखास करतात, मशीन अडकलं की जबरदस्तीने बंद करून परत चालू. घरच्या पीसीवर चालून जातं ते. पण व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम, म्हणजे एका कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कंप्युटर) चालू आणि बंदच्या मधे अजून अवस्था असतात, त्यामुळे कमांड मारायच्या आधी एवढंच बघा की आत्ता या मशीनची मेमरी आहे कुठे, होस्टच्या (ज्या खऱ्या कंप्युटरवर ते चालतं त्याच्या) रॅममध्ये, डिस्कवरच्या फाइलमध्ये, का कुठेच नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते पॉज झालेलं मशीन कोणी मारून टाकतं तेव्हा. केव्हीएमवर (लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) होस्टची डिस्क भरली की मशीन आपोआप पॉज होतं. क्यूकाऊ2 फाइल, म्हणजे मशीनची डिस्क ज्यात असते ती, सुरुवातीला लहान असते आणि वापरेल तशी वाढत जाते, म्हणून 60 जीबीच्या डिस्कवर 20 जीबीची पाच मशीन बनवली तरी कोणी अडवत नाही, आणि मग एक दिवस लिहायला जागाच उरत नाही. बाहेरून काय दिसतं, पिंग बंद, कन्सोल गोठलेला. लोक घाबरून डिस्ट्रॉय, म्हणजे मशीन जबरदस्तीने बंद करायची कमांड, मारतात आणि मेमरीतलं जे अजून डिस्कवर गेलेलं नव्हतं ते सगळं जातं. अहो पण मशीन ठणठणीत असतं! व्हर्श हे मशीन सांभाळायचं कमांडचं टूल, त्यातल्या अवस्था दाखवणाऱ्या डोमस्टेटला रीझन हा ऑप्शन लावा, पॉज्डच्या पुढे आय-ओ एरर असं आलं तर होस्टवर डीएफ मारून डिस्कवर किती जागा उरली ते बघा, जुने आयएसओ, फुगलेले लॉग काढून जागा करा आणि मग व्हर्श रिझ्यूम द्या, थांबलं होतं तिथूनच पुढे चालायला लागतं. घड्याळ तेवढं मागे पडलेलं असू शकतं, तेही बघा, नाहीतर लॉगिन टोकनचे भलतेच एरर यायला लागतात आणि तुम्ही नेटवर्क शोधत बसता. मशीनच्या आत गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाकलेला असेल तर व्हर्शच्या डोमटाइमला सिंक लावलं की काम होतं.

दुसरी चूक दिसतच नाही म्हणून जास्त घातक. मॅनेज्डसेव्ह केलं की मेमरी डिस्कवर लिहिली जाते आणि मशीन थांबतं, पण साध्या व्हर्श लिस्टमध्ये ऑल लावून बघितलं तरी ते नुसतं शट ऑफ दिसतं. होस्ट रिबूट होताना लिबव्हर्ट-गेस्ट्स सर्व्हिस पण सेटिंगप्रमाणे हेच करते, म्हणजे तुम्ही स्वतः सेव्ह केलं नसलं तरी झालेलं असू शकतं. आता मशीन बंदच आहे समजून कोणी त्याची डिस्क बाहेरून माउंट केली, एखादी कॉन्फिग फाइल बदलली आणि मशीन स्टार्ट केलं, की आतल्या लिनक्सच्या मेमरीत डिस्कचं जुनं चित्र आणि प्रत्यक्ष डिस्कवर नवीन, फाइलसिस्टम खराब व्हायला एवढं पुरतं. डिस्कला हात लावायच्या आधी व्हर्श डोमइन्फो मारा, मॅनेज्ड सेव्हसमोर येस असेल तर आधी मशीन चालू करून आतून नीट शटडाउन करा.

डिस्ट्रॉयने डिस्क डिलीट होत नाही, प्लग उपटल्यासारखं होतं फक्त. पण व्हर्श क्रिएटने बनवलेलं मशीन बंद झालं की लिस्टमधूनच गायब होतं, डिस्क फाइल जागेवर राहते पण कॉन्फिग जातं, म्हणून चालू असतानाच डम्पएक्सएमएलने कॉन्फिग फाइलमध्ये काढून डिफाइनने त्याची कायमची नोंद करून ठेवा.

कॉलेजच्या पोरांसाठी व्हर्च्युअलबॉक्सचं, म्हणजे डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचं. सेटिंगमध्ये रॅम वाढवता येत नाहीये, सगळं करडं झालंय, असं दिसलं तर वर मशीनच्या नावाखाली सेव्ह्ड लिहिलंय का बघा. तसं असेल तर चालू करा, आतून शटडाउन करा, मग बदला. डिस्कार्ड दाबलंत तर उघड्या फाइलींमधलं सेव्ह न केलेलं काम गेलं समजा. आणि गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते तेव्हा डेस्कटॉपवरचं मशीन नंतर अबॉर्टेड दिसतं, त्याला घाबरू नका, नेहमीसारखं चालू करा आणि फाइलसिस्टम चेक होऊ द्या, मधेच परत बंद करू नका. पॉज करून ठेवलेलं असेल तरी लाईट गेल्यावर मेमरी जाणारच, कारण पॉजमध्ये सगळं होस्टच्या रॅममध्येच असतं.

क्लाउडवर हेच प्रकरण बिलात दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन आपल्या पुण्यातच आहे, बरेच जण तेच निवडतात. तिथे मशीनच्या आत शिरून शटडाउन केलं तर स्टेटस स्टॉप्ड येतं आणि कंप्युटचं बिल चालूच राहतं. पोर्टलवरून स्टॉप केल्यावर डीॲलोकेटेड येतं तेव्हा ते थांबतं, डिस्कचे पैसे तरीही लागतातच. एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, स्टॉप करून परत स्टार्ट केलं की इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पब्लिक आयपी) नसेल तर पब्लिक आयपी बदलतो, आणि इन्स्टन्स स्टोअरवर (मशीनसोबतची तात्पुरती डिस्क) ठेवलेला डेटा स्टॉप करतानाच जातो, रिबूटमध्ये मात्र दोन्ही टिकतं.