कॉलेजकडनं खेळायचंय? सातारा-सांगलीच्या पोरापोरींनी आधी हे वाचा

जून लागला की फोन चालू होतात, दादा कॉलेजकडनं खेळायचंय काय करू. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे आपण कुठल्या युनिव्हर्सिटीत आहोत ते बघा. हसू नका, इथंच निम्मी पोरं चुकतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडं, पण सगळी नाहीत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून २०२१ ला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची टीम वेगळी. आणि अकरावी-बारावीवाल्यांनो, तुमचा यात संबंधच नाही, तुम्ही कॉलेजच्याच ग्राउंडवर घाम गाळत असला तरी तुमच्या स्पर्धा शालेय, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडनं, १९ वर्षांखालील गटात.

जरा इतिहास, कारण झोनचं, म्हणजे विद्यापीठाच्या विभागांचं, गणित त्यावरच बसतं. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं, म्हणजे ते आधी मुंबई युनिव्हर्सिटीत होतं, मग १९४९ नंतर पुण्यात, मग कोल्हापुरात, कॉलेज जागचं हललं नाही पण युनिव्हर्सिट्या तीन झाल्या. सोलापूर पण आपल्यातच होतं, २००४ ला वेगळं झालं. आता राहिले तीन जिल्हे आणि झोनल, म्हणजे कॉलेजा-कॉलेजांतली विभागीय स्पर्धाही त्यांच्याच नावानं, सातारा विभागीय, सांगली विभागीय, कोल्हापूर विभागीय.

आता खरं काम. ॲडमिशन झाल्या झाल्या जिमखान्यात जाऊन फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाच्या सरांना भेटा, नोटीस लागायची वाट बघू नका. दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारखेला हेच लागतं), बारावीचं मार्कलिस्ट, फीची पावती, आधार, फोटो सगळं एका फाईलला लावा आणि पात्रता अर्ज सरांच्या हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. मी सेकंड इयरला टेबलावर ठेवून आलो होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, पण अर्ज कुठल्या तरी गठ्ठ्याखाली गेला आणि झोनलच्या दिवशी यादीत माझं नावच नाही, किट घालून बाहेर बसून मॅच बघितली, आमचा डावा कोपरा मोकळा पडलेला दिसत होता आणि मी टाळ्या वाजवत होतो.

पात्र कोण? रेग्युलर शिकणारा. बाहेरून परीक्षा देणारा किंवा फुल टाइम नोकरी करणारा चालत नाही, वयाचीही अट असते, आणि एका वर्षात दोन युनिव्हर्सिट्यांकडनं खेळता येत नाही. नियम दरवर्षी सरांकडनं ताजे वाचून घ्या, मित्राचा मित्र काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

मग झोनल, त्यात वर आलं की इंटरझोनल, तिथं तिन्ही जिल्हे समोरासमोर आणि तिथूनच युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी निवड. एक लक्षात ठेवा, कबड्डी-खोखोत कॉलेज हरलं तरी तुमचा खेळ निवड समितीला दिसलेला असतो, म्हणून हरणारी मॅचसुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत खेळा. निवड झाली की कॅम्प, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, त्यातले साधारण पहिले चार संघ अखिल भारतीयला. ॲथलेटिक्सला मात्र थेट अखिल भारतीयच. या आंतरविद्यापीठ स्पर्धा चालवते एआययू, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, देशातल्या विद्यापीठांची संघटना, १९२५ ला इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड म्हणून सुरू झालेली. तिथं चांगलं केलं की पुढं खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, पहिले २०२० ला भुवनेश्वरला झाले.

पैशाचं आधीच विचारून घ्या, टीए-डीए (प्रवासभाडं आणि रोजचा भत्ता) कधी मिळणार, किट कुणाचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले होते, पठ्ठ्यानं कुस्तीत ब्राँझ आणलं. आपल्याला कुणाचं घर नको, एसटीचं भाडं वेळेत मिळालं तरी बास.

कुस्ती आणि वेटलिफ्टिंगवाल्यांनो, वजनाच्या आदल्या रात्री उपाशी राहून धावत सुटू नका, वजनगट आधी ठरवा आणि महिनाभर त्यातच राहा.

आणि सर्टिफिकेट हातात पडलं की तिथंच उभं राहून नाव वाचा. दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच स्पेलिंग पाहिजे, आडनावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर पाच टक्के क्रीडा आरक्षणातनं भरतीला जाताना पडताळणीत अडकतंय. चूक असली तर एसटीत बसायच्या आधी टेबलावरनं दुरुस्त करून घ्या, नंतर त्यासाठी कोल्हापूरच्या किती फेऱ्या होतील सांगता येत नाही.