माप देताना पोट आत ओढू नका, आणि फिटिंग कसं ठरवायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं शिवणकाम चौदा वर्षं चालू आहे, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, कुर्त्या सगळंच, आणि जवळजवळ रोज बघते की टेप कमरेवर आला की बाई श्वास रोखून पोट आत घेते. कॉलेजची पोरगी असो नाहीतर पन्नाशीच्या काकू असोत. मागे नवरात्राच्या आधी एक मॅडम आल्या होत्या ब्लाऊज टाकायला, खालच्या पट्टीचं माप ३४ भरलं, मी वहीत लिहायच्या आत म्हणाल्या, "३२ लिही गं, तोवर कमी करतो की मी." मी ऐकलं, ते माझं चुकलं. ट्रायलला खालचे दोन हूक लागेनात. आरशासमोर पदर पोटावर ओढून त्या म्हणाल्या, "माझंच अंग सुटलंय बघ, तू तर काय करणार." अंगाचं काही चुकलं नव्हतं हो, दोन इंच कमी कापलं होतं एवढंच. पण घरी जाताना तोंड त्यांचं उतरलं होतं.

म्हणून पहिलं काम, आज जसं अंग आहे तसंच माप द्या. जी ब्रा त्या कपड्यात घालणार तीच घालून या, श्वास सोडून उभं राहा, स्वतःचं स्वतः मोजू नका कारण वाकलं की माप बदलतं. कुर्ती किंवा पँट असेल तर सीटचं, म्हणजे नितंबांचं, माप उभं राहून एकदा आणि खुर्चीवर बसून एकदा घ्या, बसल्यावर एक-दोन इंच वाढतंच आणि आपण गाडीवर, ऑफिसात, बसमध्ये बसूनच तर असतो. पाळीच्या दिवसांत पोट फुगतं, तेव्हा माप टाळा.

दुसरं काम जरा निवांत बसून करायचं. कागदावर दोन रकाने पाडा. एकात लिहा कुठं कापड टोचतं, काचतं, वर चढतं. दुसऱ्यात लिहा अंगाचा कुठला भाग तुम्हाला आवडत नाही. या दोन गोष्टी आपण कायम एकत्र करतो आणि तिथंच फिटिंग बिघडतं. हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९५३ साली सेकॉर्ड आणि जुरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी शरीराच्या एकेका भागाबद्दल आपण किती समाधानी आहोत हे मोजायची पद्धत काढली, पुढं १९९० मध्ये लाबाट आणि डिलाँग यांनी ती बायकांच्या कपड्यांच्या फिटिंगला लावून बघितली, तर अंगाबद्दलची नाराजी आणि फिटिंगबद्दलची नाराजी जोडीनं चालते असं दिसलं, आणि कमरेच्या खालच्या भागात जास्तच. माझ्याकडं पण तसंच. मांड्या जाड वाटतात म्हणून बाई अख्खी कुर्ती दोन साइज मोठी मागते, मग शोल्डर दंडावर उतरतं, गळा पुढं लोंबतो आणि बिचारी म्हणते मला काहीच शोभत नाही. सैल हवं तर हवंच, तुमचा हक्क आहे, पण जिथं हवं तिथंच सैल सांगा.

आता ठेवण. खांदे बारीक आणि सीट भरलेली असेल तर शोल्डर नेमकं ठेवा, घेर खाली वाढवा, आणि साइड कट जरा वरून सुरू करायला सांगा, नाहीतर सीटवर कापड ताणून आडव्या घड्या पडतात. पोट पुढं असेल तर छातीपासून खाली कळ्या घेतलेल्या बऱ्या, कमरेला चुण्या नकोत. सरळ अंगाला टक्स, म्हणजे आकार द्यायला आतून शिवलेल्या चिमट्या, कमी. रेडीमेडमध्ये एका आकड्यात छाती, कंबर, सीट सगळं एकाच प्रमाणात धरलेलं असतं, प्रत्यक्षात तसं अंग क्वचित सापडतं, म्हणून तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. रेडीमेड घेताना नियम एकच, सगळ्यात रुंद भागाला बसेल ते घ्या आणि बाकीचं आत घालून घ्या. गांधीनगरच्या कापडबाजारातून घेतलं तरी तेच, महाद्वार रोडवरून घेतलं तरी तेच.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईबद्दल, मात्र नीट ऐका, कारण इथं सगळ्याजणी उलटं मागतात. दंड जाड आहे म्हणून "काकी, मुंढा मोठा ठेवा" म्हणतात. मुंढा खाली उतरला की हात वर केला की अख्खी कुर्ती वर ओढली जाते, केएमटीच्या बसमध्ये दांडी धरली की पोट उघडं. मुंढा काखेजवळ हवा आणि बाही रुंद हवी. एका पोरीला हे पटेना, मी टाचणीनं बाही लावून दाखवली, तिनं हात कानापर्यंत नेला, कुर्ती जागची हलली नाही. "मी तर आजवर उलटंच शिवून घेत आलो की," म्हणाली.

ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका. हात वर करा, खाली बसा, वाकून चप्पल घाला, मोठा श्वास घ्या. आडव्या घड्या म्हणजे घट्ट, उभ्या झोळ्या म्हणजे सैल. इचलकरंजीचं सुती कापड असेल तर शिवायला टाकायच्या आधी भिजवून वाळवा, आटतं ते. आणि दोन्ही बाजूंना आत इंच-दीड इंच मार्जिन, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, मागून घ्या, टेलर नको म्हणाला तरी. त्या मॅडमच्या ब्लाऊजला मी तेवढं सोडलेलं होतं म्हणून बरं, संध्याकाळी उसवून दोन इंच सोडवलं आणि घटस्थापनेला त्या तोच घालून अंबाबाईला गेल्या.