भिगवणला कुरवांचे फोटो काढायला निघताना

कुरव म्हणजे सीगल, आणि भिगवणला ते उजनी धरणाच्या फुगवट्यावर दिसतात. म्हणून आधी धरण किती टक्के भरलंय ते बघा, कॅमेऱ्याची बॅग नंतर भरा. धरणाचा आकडा पेपरात येत असतो. पाऊसकाळ चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरातही पाणी तुडुंब असतं, काठचा चिखल उघडा पडलेला नसतो आणि रोहित (फ्लेमिंगो), चमचे (स्पूनबिल), शेकाटे असे पक्षी उथळ पाणी शोधत पांगलेले असतात. त्यांच्यासाठी पाणी उतरू लागल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये गेलेलं बरं. कुरवांना खोल पाणी चालतं, त्यामुळे ते नोव्हेंबरपासून भेटतात. पण तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं खरोखर तपकिरी बघायचं असेल तर मार्चपर्यंत थांबा. थंडीत ते पांढरं असतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका. पुढे हे पक्षी लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर विणीला जातात, आणि तो रंग जायच्या तोंडावर चढतो.

नाव आदल्या दिवशीच फोन करून ठरवा. कुंभारगाव आणि डिकसळ, दोन्हीकडून नावा निघतात. पुण्याहून अंतर साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे पहाटे चारला घर सोडा नाहीतर मुक्कामालाच जा. नाव चालवणारे बहुतेक मासेमारी करणारेच. पाणी कुठे किती आहे, जाळी कुठे लावलीत, थवा काल कुठे बसला होता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. फोनवरच दोन गोष्टी बोलून घ्या. “दादा, पक्ष्यांजवळ इंजिन बंद करून बांबूने न्याल ना?” ही पहिली. आणि आम्हाला शेव-फरसाण टाकायचं नाही, ही दुसरी. फरसाण टाकलं की कुरव नावेभोवती गर्दी करतात, फोटोही ढिगाने मिळतात, पण सगळे एकसारखे: चोच उघडी, नजर माणसाच्या हाताकडे. शिवाय तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटात ढकलायचं कशाला? सकाळी जाळी ओढली जातात तेव्हा कुरव आणि सुरय (टर्न पक्षी) आपणहून येतात. दादांना ती वेळ विचारा आणि जरा लांबून थांबा.

आता बॅग. १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची लेन्स नावेत पुरते. ट्रायपॉड घरीच ठेवा, हलत्या नावेत त्याचा अडथळाच होतो. त्याऐवजी जाड कापडाची पिशवी शिवून तांदूळ भरून न्या, नावेच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवता येते. खाली, शक्य तितकं पाण्याच्या पातळीला बसा. पक्ष्याचा डोळा आणि तुमची लेन्स एका उंचीवर आली की मागचं पाणी धूसर होऊन पक्षी सुटून दिसतो. जादा बॅटरी, जादा कार्ड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन कोरडे रुमाल हवेतच. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येतं, म्हणून लेन्सवर उडालेला थेंब लगेच पुसा आणि त्या पाण्यातला हात तोंडाला लावू नका. कपडे मातकट रंगाचे, उन्हं वर येईपर्यंत पुरेल असं स्वेटर, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही.

सेटिंग काठावरच लावून ठेवा. उडत्या कुरवाला शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद नको, फोकस कंटिन्युअस, म्हणजे पक्ष्यामागे सरकत राहणारा. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो आणि पिसांचा सगळा तपशील जळून जातो. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप खाली आणा आणि जास्त उजळलेला भाग दाखवणारी हायलाइटची सूचना चालू ठेवा. पंखाच्या काळ्या टोकातले पांढरे ठिपके आणि डोळ्याचं फिकं बुबुळ स्वच्छ आले तरच हा तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा, हे घरी बसून सांगता येतं.

सगळ्यात जास्त लक्ष वाऱ्याकडे द्या. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याच्या तोंडावर असतात. सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर कुरव थेट तुमच्याकडे तोंड करून, उजेडात उतरतो. पूर्वेचा वारा असलेली सकाळ म्हणूनच वाया घालवू नये. नाव कुठे थांबवायची ते याच हिशोबाने दादांना सांगा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग लांबचे फोटो कितीही महागड्या लेन्सने काढले तरी मऊच येतात. तेव्हा परतून चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी खा.

रोहितांचे लाल-काळे पंख सगळ्यांनाच हवे असतात, त्यासाठी थव्यात नाव घुसवली जाते. तसं मुळीच करू देऊ नका. खाणं थांबवून माना वर झाल्या, थवा एका बाजूला चालू लागला, की नाव तिथेच थांबली पाहिजे. थोडा वेळ दिला तर ते जागा बदलायला स्वतःच उडतात. ड्रोन आणूच नका. आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका: नदी सुरय आणि टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती खड्यांत दिसत नाहीत, आणि आई उठली की ऊन थेट अंड्यांवर पडतं.

घरी फोटो बघताना पक्ष्यांचे पाय मोठे करून बघा. अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं कडं दिसलं तर त्यावरची अक्षरं, तारीख आणि जागा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.